फळ्यावरचे अकराशे सात दिवस

आमच्या ह्यांचं नाव शेषराव. पूर्वी मी नाव घेत नसे, पण नऊ वर्षं एका खोलीत समोरासमोर बसून कातडं शिवल्यावर लाजबीज काही उरत नाही, तेव्हा घेते.

रेल्वेत फिटर होते. मनमाडहून जयपूरला बदली झाली आणि आम्ही इथलेच झालो. रिटायर झाल्यावर माणसं जरा आराम करतात. ह्यांनी बनी पार्क भागात एका गेस्ट हाउसच्या मागची खोली भाड्याने घेतली आणि चामड्याच्या बॅगा करायला बसले. स्टेशनबाहेर एक म्हातारा मोची होता, त्याच्याकडे सुट्टीच्या दिवशी बसून बसून सगळं शिकून घेतलेलं. मला पत्ता नाही. मी आपली ओव्हरटाइम समजून डबा भरून देत होते.

मनमाडच्या मोठ्या दिरांनी फोनवर चांगलंच झापलं. "आजोबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, ते काय तू पुन्हा कातड्यात हात घालावास म्हणून?" ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांच्यावर ते लादलेलं होतं, दादा. मी आवडीने करतोय." दीर दोन वर्षं बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी फोन आला, माझ्यासाठी एक पाठव, जरा मोठी.

बॅगा कशा, तर जाड, रांगड्या. रंग लावायचा नाही, फक्त तेल आणि मेण. कातड्यावर काट्याने ओरखडलेली रेघ असली, जुन्या जखमेचा वण असला, तर गिऱ्हाईक नाक मुरडायचं. हे म्हणायचे, "राहू दे. ते जनावर जगलं होतं, त्याची खूण आहे." गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण वण झाकायचा नाही. मी कितीदा डोक्याला हात लावला.

काम वाटून घेतलेलं. कापणं त्यांचं, शिवणं माझं. कापायला रापी, म्हणजे मोच्याची ती रुंद पात्याची सुरी. तिला ते रोज धार लावत. बोथट रापीला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती घसरते, असं त्यांचं म्हणणं. रापी ज्या रेषेत चालते त्या रेषेत दुसरा हात ठेवायचा नाही. हातातून सुटली तर झेलायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचे आणि पडू द्यायची. आणि सगळ्यात कडक गोष्ट म्हणजे रापी कुणाच्या हातात द्यायची नाही. पाटावर ठेवायची, मूठ समोरच्याकडे करून. त्याने उचलली की ते काम त्याचं. पुरं होईपर्यंत परत मागायची नाही.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या शेजारी एक फळा. रेल्वेच्या वर्कशॉपात असायचा तसा. वर लिहिलेलं, 'अपघाताविना दिवस', आणि खाली खडूने आकडा. रोज सकाळी खोली उघडली की आधी आकडा बदलायचा, मग चहा. तीन वर्षांपूर्वी मी बहिणीशी फोनवर बोलत शिवत होते आणि कातड्याला भोक पाडायची आरी तळहातात घुसली. ह्यांनी मला इंजेक्शनला नेलं, घरी आणून साखरेचं पाणी पाजलं, आणि मग उठून माझ्यादेखत फळ्यावर शून्य काढलं. मी आठ दिवस अबोला धरला होता. त्यांनी शून्य काही मागे घेतलं नाही.

आता गेल्या आठवड्याची गोष्ट. आमच्या गौतमीला दिल्लीच्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. रविवारी निघायची होती. "पप्पा, मतलब, सगळ्या जगाला बॅगा आणि मला नाही?" असं ती कधीपासून म्हणत होती, म्हणून तिची बॅग चालू होती. शुक्रवारी दुपारी झाकणाचा तुकडा माझ्याकडे शिवायला आला. उलटा करून बघते तर आतून काळपट रंग लावलेला.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"नवी पद्धत आहे," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.

चाळीस वर्षांचा संसार. ह्या माणसाला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे नीट जमतही नाही. मी ओल्या फडक्याने रंग पुसला. खाली रुपयाएवढा डाग होता. बिनरंगाच्या कातड्यात मुरलेलं रक्त जात नाही, हे मला त्यांनीच सांगितलेलं. मग आठवलं, मंगळवारपासून डावा हात खिशात होता, आणि कापणं मी स्वयंपाकाला घरी गेले की उरकायचे. लोणच्याची बरणी मला उघडायला लावली होती. आणि मी येडी, थंडी वाजत असेल समजून सर्दीच्या गोळ्या देत बसले.

"हात दाखवा."

पट्टी सोडली तर अंगठ्याच्या बाजूला चांगली बोटभर चीर, आणि तो हात हलत होता. थंडी नसताना. दुसराही हलत होता, थोडा कमी.

मी फळ्याकडे बघितलं. अकराशे सात. मी संतापले. माझ्या एका टोचण्याला शून्य, आणि स्वतःला कापून घेऊन तीन दिवस आकडा वाढवत होते.

"दिवाळीपासून थरथरतो," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू रापी काढून घेतली असतीस. गौतमीने खोलीच बंद करायला लावली असती. मग मी सकाळी उठून जायचं कुठे, द्वारका?"

राग कुठे गेला कळलं नाही. मी म्हणाले, "माझी नजर कमी झाली तेव्हा सुईत दोरा कोण ओवून द्यायला लागलं? तेव्हा मला घरी बसवलंत का?"

ते उठले, फडकं घेतलं आणि अकराशे सात पुसून टाकलं. शून्य काढलं.

"मंगळवारपासून धरलं तर तीन येतात," मीच म्हणाले. एवढा मोठा आकडा गेल्याचं मलाच वाईट वाटलं.

"खोट्याचे दिवस धरायचे नसतात."

मग समोर येऊन बसले. बॅगेचा पट्टा कापायचा बाकी होता. त्यांनी रापी पाटावर ठेवली. मूठ माझ्याकडे.

नऊ वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. उचलली तर परत मागायची नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते रापीकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मी उचलली.

"रेषेतला हात काढ," लगेच सुरू झाले. "खांदा ढिला सोड. श्वास काय रोखून धरलास?" पट्टा कापून होईपर्यंत तोंड बंद नाही. मध्ये एका जागी कड वाकडी गेली. मी जीभ चावली. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "राहू दे."

शनिवारी गौतमी बॅग न्यायला आली. झाकण उघडून तिने विचारलं, "पप्पा, हा डाग कसला?" मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी सांगून टाकलं. माझं रक्त आहे, हात थरथरतो, आता कापायचं काम तुझ्या आईकडे, मी रेषा दाखवणार आणि वेळ लागला तरी दोरा ओवणार. पोरगी बापाच्या गळ्यात पडून रडली. दुसरं झाकण करून देतो म्हणाले, तर नको म्हणाली. सोमवारी डॉक्टरकडे जायचं मात्र कबूल करून घेतलं.

ती आली त्याच्या आधी, सकाळी खोली उघडल्यावर, ह्यांनी फळ्यावर एक लिहिला होता. खडू हलला, त्यामुळे आकड्याची शेपटी नागमोडी आली. मी म्हटलं, पुसून नीट काढून देऊ का?

"राहू दे," ते म्हणाले, आणि चहा मागितला.