गोठ्याच्या दाराशी ठेवलेली चप्पल

आज सकाळी सिल्लोडजवळ धाकट्या भावाच्या शेतावर गेले होते. तिथून आल्यापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितेय.

त्याच्या पत्र्याच्या गोठ्यात लाईटची वायर त्यानं स्वतःच ओढलीय, मोबाईलवर व्हिडिओ बघून. मी आत जायला निघाले तर भावजय म्हणाली, "ताई, दारातली रबरी चप्पल घाला. पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात." इतकं सहज, जसं पाय पुसून या म्हणावं.

म्हैस मात्र दारातच अडून उभी. भाऊ म्हणाला, "लई हट्टी झालीय." मी घरात जाऊन मेन स्विच बंद केला. म्हशीनं जरा हुंगलं आणि ती सरळ आत गेली.

"बघितलंस? आजच वायरमन बोलव," मी म्हणाले.

"ताई, वर्ष झालं. कुणाला काय झालं का?" असं म्हणत तो घरात गेला आणि त्यानं स्विच परत चालू केला.

तुमच्या घरी असा कुणी असेल तर त्याला कसं समजावता? खरंच सांगा. निघताना पाहिलं, गोठ्याच्या दाराशी चपलेचा अजून एक जोड होता. माझ्या भाचीचा. ती आत्ताशी चालायला लागलीय.