मान वळवलेला पोपट

तीन आठवड्यांपूर्वी कुसुमताईंचा रमेश बारडोलीला आमच्या दारात येऊन उभा राहिला. "मावशी, आई गेली... झोपेतच," एवढंच बोलला. मग चहा घेताना त्याला एकदम हसू आलं. "आदल्या दुपारीही शेजारणीला टाका शिकवत होती."

साठच्या दशकात लग्न होऊन मी नाशिकहून सुरतेला आले. यजमान बँकेत, आणि शेजारच्या खोलीत अंमळनेरच्या कुसुमताई. त्यांचे मालक मिलमध्ये मागावर होते. तिथून येणाऱ्या चिंध्यांच्या ताई गोधड्या शिवत, आणि जेवणं उरकली की ओट्यावर येऊन बसायला हाक येई, "ये माय, बठ आठे!" शेजारच्या जमनाबेनशी त्या अहिराणीत बुडवलेलं गुजराती बोलत आणि दोघींचं छान चालत असे. गोधडीवर लावायचा कापडी पोपट ताईंनीच आम्हाला शिकवला. सरळ समोर बघणारा, त्यांच्या मावशीकडून आलेला. माझ्या हातून मात्र त्याची मान मागे वळली. ताईंनी टाळीच वाजवली, "अगं, हा तर माहेराकडे बघतो!"

आठ दिवसांत गल्लीतल्या सगळ्या पोपटांच्या माना वळल्या. ताईंनीच शिकवलं होतं. मी भडकले. "माझी कल्पना मला न विचारता वाटलीत कशी?" त्या गोंधळून म्हणाल्या, "पण पोपट तरी कुठे आपण शोधला?" मी दार लावून घेतलं. चार महिने आमचं बोलणं बंद. ओट्यावरचं हसणं भिंतीतून ऐकू यायचं, आणि आत एकटीच्या हातून एकही टाका धड पडत नव्हता.

मग गणपतीत हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. आमच्या गल्लीतल्या पाच गोधड्या ओळीने टांगलेल्या. परीक्षक बुवा थबकले. "या सगळ्या सारख्याच. यातली मूळ कोणती? बक्षीस मूळ कामालाच." माझी, असं म्हणायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुसुमताई म्हणाल्या, "मूळ? ती अंमळनेरला माझ्या मावशीच्या दोरीवर वाळत असेल!" सगळे हसले. ताईंनी माझा हात धरून मला पुढे ओढलं. "पण मान वळवली ती या सुधाने. आम्ही सगळ्या हिच्याकडून शिकलो." आणि परीक्षकांना त्यांनी अगदी जवळ नेलं. जमनाबेनच्या पोपटाच्या चोचीत कैरी होती. समोरच्या शांताबाईंनी पंखांना लेकीचं लहानपणचं झबलं लावलं होतं. ताईंचा पोपट जरासा हसराच होता... त्या गोधड्या मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिल्या. जो तो पोपट आपापल्या कशाकडे तरी वळून बघत होता, आणि माझा पोपट माझ्यापाशीच होता, कुणी नेलाच नव्हता.

बक्षीस आमच्यापैकी कुणालाच मिळालं नाही. परीक्षकांच्या बायकोने मात्र वर्तमानपत्रावर पोपट उतरवून नेला. परतताना खमण खाता खाता मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "माझंही. तुला विचारायला हवं होतं गं." मग आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो, ते घर येईपर्यंत.

गेल्या रविवारी सुरतेतल्या भेस्तानला रमेशच्या घरी गेले. दुपारी ओट्यावर बायका जमल्याच होत्या, ताई असल्यासारख्या. माझ्या पिशवीतून नवी गोधडी डोकावत होती. सीताफळाच्या पानांची नक्षी, अजून कुणालाच न दाखवलेली. शेजारच्या नव्या सुनेने ती ओढून बाहेर काढली आणि हे कसं केलं म्हणून विचारलं, "मासी, आ केवी रीते कर्युं?"

मी सरकून जागा केली, चष्मा चढवला आणि तिच्यासाठी सुईत दोरा ओवला.