पेटीतले नवे मोजे

जुईनगरला माझी पोस्टिंग होऊन आता नऊ वर्षं झाली. त्याआधी चोवीस वर्षं पलटणीत होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. इथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. कमांडर आमची मंगल. तीही साताऱ्याकडची, मीही साताऱ्याकडचा, त्यामुळे हुकूम समजायला अडचण येत नाही. पाचला उठतो, साडेपाचला सोसायटीभोवती तीन फेऱ्या, सहाला चहा. सुट्टीचा अर्ज चालत नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरी पाटीलबाई दारात आल्या. माहेर इथलंच शिरवणं गाव, आवाज परेड ग्राउंडचा. वर्धापनदिनाला सोसायटीचं छोटं पुस्तक काढायचं ठरलंय, प्रत्येक घराने एक पान द्यायचं.

"दादा, तुमी लिवा. रोजच्या कामाला येनाऱ्या वस्तू. कोनती घ्यावी, कशी वापरावी."

"मी काय लिहिणार?"

"तुमच्याकडं सगल्याला इलाज म्हनून दोरी असते. तीच लिवा."

बाई खोटं बोलल्या नाहीत, तेव्हा दोरीपासूनच सुरुवात करतो. बारीक नायलॉनची दोरी, पाच मीटर. खिशात मावते. तिच्यावर कपडे वाळतात, स्कूटरवर आंब्याची पेटी बसते, तुटलेल्या पिशवीला बंद होतो. वरच्या मजल्यावरच्या आजींना मी एक लांब दोरी देऊन ठेवली आहे. लिफ्ट बंद पडली की त्या बाल्कनीतून खाली सोडतात, मी दुधाची पिशवी बांधतो. आजी वर खेचताना "सावकाश, सावकाश" असं दुधाला सांगतात.

दुसरी वस्तू सुई-दोऱ्याची छोटी पिशवी. चार बटणं, दोन सुया, खाकी आणि काळा दोरा. फौजेत तिला हाउसवाइफ म्हणतात. लग्नानंतर पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा मी सहज बोलून गेलो की माझी हाउसवाइफ पलटणीत राहिली. पुढचे दोन दिवस मला ताट मिळालं, पण शब्द मिळाला नाही.

बूट भिजले तर उन्हात टाकू नका, कातडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. आणि चहासाठी इनॅमलचा मग घ्या. ओठाला चटका बसतो, म्हणून माणूस चहा हळू पितो आणि चहा हळू प्यायला की सकाळ मोठी होते. माझ्या मगाचे कडेला तीन ठिकाणी टवके उडालेत. मंगल तो दर दिवाळीला भंगारात काढते आणि मी परत आणतो.

इथवर लिहून पान भरलं होतं. पण जी गोष्ट सांगायला हवी ती राहिली होती. ती सांगायची तर लान्स नायक तांबेबद्दल सांगावं लागेल.

यशवंत तांबे कोकणातला. बुटका, काटक, पायांचं माप माझ्याहून एक नंबर कमी. मी प्लाटून हवालदार होतो. तो मला उस्ताद म्हणायचा आणि माझ्या पाठीमागे माझ्या चालण्याची नक्कल करायचा. आम्ही उत्तर सीमेवरच्या एका उंच पोस्टवर होतो. बर्फ गुडघ्यापर्यंत. दिवस ठरलेला: सकाळी बर्फ वितळवून पाणी, हत्यारांची सफाई, पहारा, आठवड्यातून एकदा प्रत्येकाला घरी तीन मिनिटं फोन.

सोमवारी इन्स्पेक्शन होतं. मोठे साहेब हेलिकॉप्टरने येणार होते. इन्स्पेक्शनला किट मांडावं लागतं. चादरीवर प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी, ठरलेल्या घडीत. म्हणून प्रत्येक जवान एक संच कोरा ठेवतो. मग कोरा, टॉवेल कोरा, मोजे कोरे. वापरायचं जुनं, दाखवायचं नवं. मी भरती झालो तेव्हापासून असंच बघत आलो आणि पोरांनाही तेच शिकवलं.

शुक्रवारी दुपारी तांबे माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोस्टपर्यंत आमची गस्त जायची होती.

"उस्ताद, एक जोड ओला आहे. दुसऱ्याची टाच गेली. पेटीतला नवा काढू?"

"इन्स्पेक्शनचा?"

"परत धुऊन ठेवतो."

"धुतलेला दिसतो रे. सोमवारनंतर घाल."

"ठीक आहे, उस्ताद."

तो हसला आणि गेला. हाउसवाइफ काढून टाच शिवत बसला. मी पाहिलं, टाके चांगले होते.

शनिवारी ०७३० ला निघालो. आठ जण. आभाळ स्वच्छ. १०२० ला तांबे डावा बूट बर्फावर आपटताना दिसला. विचारलं. म्हणाला, डावा पाय झोपलाय. थांबून बूट काढला, पाय चोळला, माझे हातमोजे त्याच्या पायाला गुंडाळून परत बूट चढवला. पुढे निघालो, पण तो मागे पडू लागला. उतार ओलांडताना आम्ही सात जण पलीकडच्या खडकापाशी पोहोचलो तेव्हा तो तीस पावलं मागे होता. ११४० ला वरून बर्फ सुटलं. आवाज फार मोठा नव्हता.

मी रेडिओ घेतला.

"हॅलो टायगर. बर्फ आया है. एक आदमी नीचे. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"तांबे. ओव्हर."

"ढूँढो. मदद निकली है. आउट."

फावडी होती, हात होते. १२०५ ला त्याचा बूट लागला. १२१० ला तो पूर्ण बाहेर आला. आमच्यातल्या नर्सिंग असिस्टंटने चाळीस मिनिटं प्रयत्न केले. तांबे परत आला नाही.

पोस्टवर मेजर साहेबांना मी मोज्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बर्फ मोजे बघून येत नाही." त्यांनी माझ्यासाठी तसं म्हटलं हे मला कळलं. पण ती तीस पावलं मी अजून मोजतो.

सोमवारचं इन्स्पेक्शन रद्द झालं. तांबेची पेटी मीच भरली. वस्तूंची यादी केली. मग एक, कोरा. टॉवेल दोन, कोरे. मोजे लोकरी, दोन जोड, कोरे. ज्या घडीत त्याने ठेवले होते त्याच घडीत.

ती पेटी आता बोनकोड्यात आहे. तांबेची बायको, वैशालीवहिनी, तिथे भावाच्या घराशेजारी राहतात. मुलगी प्रज्ञा शिकून नोकरीला लागली. मी निवृत्त झाल्यापासून दर वर्षी एकदा जातो. जय भीम होतो, चहा होतो, प्रज्ञाची चौकशी होते. मोज्यांचं कधी बोललो नव्हतो. धाडस झालं नाही, हे सरळ लिहितो. ज्या बाईच्या हातचा चहा नऊ वर्षं प्यायलो तिने उद्या दार लावून घेतलं तर, ही भीती मला बर्फापेक्षा मोठी वाटायची.

पण छापायचं तर आधी वहिनींना सांगणं भाग होतं. गेल्या रविवारी सकाळी गेलो. चहा येण्याआधीच सांगून टाकलं. उभ्याने, हात पाठीमागे. तांबेने मोजे मागितले होते, मी नाही म्हणालो.

वहिनी ओट्याशी होत्या. त्यांनी गॅस बारीक केला.

"बसा, भावजी. मला म्हाईत हाय."

"कसं?"

"शुक्रवारी त्यांचा फोनचा टर्न होता ना. सांगत होते, उस्ताद मोजे घालू देईना, साहेबाला दाखवायचेत म्हणून. म्हणाले, म्हातारा झालो की त्याच्या घरी जाऊन त्याचेच नवे मोजे घालून येतो. किती हसत होते."

"तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत."

"तुमी दर वर्षी येता, मान खाली घालून चहा पिता. मला वाटलं, कधीतरी बोलाल."

मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस, रडलो. त्या मध्ये पडल्या नाहीत. थोड्या वेळाने खाटेखालची पेटी ओढली. सगळं तसंच होतं, मी भरलं तसं. त्यांनी मग काढला, धुतला आणि त्यात माझा चहा ओतला. मग मोज्यांचा एक जोड माझ्या मांडीवर ठेवला.

"एक मला राहू दे. हा तुमी घाला. ठेवून नका देऊ."

घरी येऊन मंगलला सगळं सांगितलं. संध्याकाळी शोकेसमधला पाहुण्यांचा डिनर सेट खाली उतरवलेला दिसला. आमटी-भात तिने त्यातच वाढला.

पाटीलबाई, माझी शेवटची शिफारस एवढीच. नवी वस्तू आणली असेल तर ती आज वापरा. ही शिफारस माझी नाही, लान्स नायक यशवंत तांबेची आहे. मी ती त्या शुक्रवारी ऐकली नाही.

हे लिहिताना मोजे पायात आहेत. जुईनगरात लोकरीचे मोजे घालण्यासारखी थंडी नसते, पंखा चालू आहे, पाय घामाने भिजलेत. मला ते एक नंबर लहान होतात.