मेश्रामकाका चित्र उलटं करून बघत

सुशीलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये ऑफिसला निघालो होतो. "काका गेले रे... ये, आणि तुझं चित्र घेऊन जा." काका गेल्याचं ऐकूनही माझ्या मनात आधी पाल चुकचुकली. विकलेलं चित्र परत कशाला देतायत? आज हे लिहितानाही लाज वाटते.

काका मूळचे नागपूरचे. मी आधी एडिसनला होतो तेव्हा ते तिथे आमच्या शेजारी राहायचे आणि न्यूयॉर्कच्या एका म्युझियममध्ये चित्रं पॅक करायचं काम करायचे. संशय त्यांच्याही अंगात मुरलेला. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या दिवंगत आईनं रंगवलेलं कण्हेरीचं चित्र त्यांनी भिंतीवरून उतरवलं आणि आधी मागून पाहिलं. "समोरून सगळीच गोड दिसतात. कुणाकडून कुणाकडे गेलं, ते मागे कळतं." त्याच सुमारास एका म्हाताऱ्या ज्यू बाईंनी त्यांच्या म्युझियमवर केस केली होती. नाझींच्या काळात जर्मनी सोडताना वडिलांनी मिळेल त्या किमतीला विकलेलं चित्र त्या परत मागत होत्या. म्युझियमकडे वडिलांच्या सहीचा कागद होता. पण चित्रामागची त्या घराण्याच्या नावाची चिठ्ठी कुणीतरी खरवडून काढलेली काकांनी पाहिली होती. वरिष्ठांनी गप्प राहायला सुचवलं, तरी काकांनी साक्ष दिली. मी मात्र जेवताना म्युझियमची बाजू घेतली. "काका, सही केली, पैसे घेतले, मॅटर क्लोज! आता प्राइस वाढल्यावर आठवण आली होय?" काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "त्या माणसाला नाही म्हणायची सोय होती का, अरुण? माझ्या आजोबांनीही जमिनीच्या कागदावर अंगठा दिला होता. अंगठा त्यांचाच होता..."

पुढच्याच वर्षी माझा प्रोजेक्ट कॅन्सल झाला. त्याबरोबर व्हिसाही गेला. आठवड्याभरात घर रिकामं करायचं होतं, तिकिटाला पैसे पुरत नव्हते. सोफा, टीव्ही, मिक्सर, सगळं विकायला काढलं. काकांनी आईचं चित्र मागितलं. माझ्या अडचणीत हेही हात धुऊन घेतायत, असं मला वाटलं. मी चिडून सांगितलेली किंमत त्यांनी मुकाट्यानं दिली. उद्या कटकट नको म्हणून मीच कागद लिहून दिला, की चित्र विकलं, हक्क संपला. खाली ठसठशीत सही केली.

दोन वर्षांनी परत आलो, ते ट्रॉयला. काकांचा फोन आला, "चित्र न्यायला ये बाबा." आता दुप्पट मागणार, असं वाटून मी येतो येतो म्हणालो आणि गेलोच नाही. त्यांच्या जिवंतपणी गेलो नाही.

एडिसनच्या त्या घरात चित्र काकांच्या पलंगासमोर होतं. काचेवर धुळीचा कण नव्हता. "त्या बाईंची केस चालूच आहे अजून," काकू म्हणाल्या. "निकाल बघायचा होता त्यांना." मी चित्र उतरवलं आणि त्यांच्यासारखंच आधी उलटं केलं. मागे माझा कागद चिकटवलेला होता. माझ्या सहीखाली पेन्सिलीनं, काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सही अडचणीतली आहे, धरू नये. चित्र अरुणचं.'

खालची तारीख मी विकलं त्याच दिवसाची होती.