निळं औषध आणि कोळसा

संप संपल्याचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. बाबांना गिरणीत परत घेतलं नाही, एवढंच कळलं. मग ते लालबागच्या आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसू लागले. मी तेव्हा हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला होते. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे हसून साड्या उलगडायच्या आणि घरी येऊन बाबांची पाठ बघायची. दया यायला हवी होती, पण मला राग यायचा. एकदा त्याच रागात दादरहून काचेची टाकी आणि सहा मासे उचलून आणले. म्हटलं, बघायला काहीतरी होईल.

आणि बाबा खरंच बघू लागले. टाकीच्या कोपऱ्यात फिल्टरची प्लास्टिकची डबी होती, तिच्यात कापूस आणि कार्बनचे काळे दाणे. पंप लावला की पाणी त्यातून फिरायचं. कार्बनला बाबा कोळसाच म्हणत. पाणी पिवळट दिसलं की नवा कोळसा खळखळून धूत, डबीत भरत आणि टाकी चकचकीत झाली की आईला बोलावून दाखवत.

बाबा गिरणीत रंगखात्यात होते. कापड रंगात किती वेळ ठेवायचं ते पाण्याकडे बघून ठरवायचे. पाणी निवळलं म्हणजे रंग कापडात गेला. नोकरी गेली तरी ही नजर आपली आपल्यापाशी आहे, असं त्यांना वाटायचं. तेवढ्यावरच ते उभे होते, हे मला माहीत होतं.

मग माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. मासे जिथून आणले त्या दुकानदाराने निळं औषध दिलं. बाबांनी थेंब टाकले तशी टाकी शाईसारखी निळी झाली. दुसऱ्या संध्याकाळी मी घरी आले तर पाणी आरपार दिसत होतं आणि बाबा कित्येक महिन्यांनी हसत होते.

“बघ गो, पाणी निवळलां. औषध माशांत भिनलां.”

मलाही पटलं. ठिपके मात्र वाढतच गेले. बाबा पुन्हा औषध टाकत, पाणी पुन्हा निवळे आणि ते पुन्हा खूश होत. आठवड्यात पाच मासे मेले. सहावा तळाशी आडवा पडून धापा टाकत होता. मी त्या दुकानात जाऊन तावातावाने भांडले, तुमचं औषधच खोटं आहे म्हणून.

दुकानदाराने शांतपणे विचारलं, “औषध टाकताना फिल्टरमधला कार्बन काढलेला ना?”

कार्बन औषध शोषून घेतो आणि एकदा धरलं की सोडत नाही, माशांपर्यंत काही पोचतच नाही, असं तो म्हणाला. चार गिऱ्हाइकं ऐकत होती. माझं तोंड उतरलं.

घरी येऊन ती डबी गुपचूप काढून ठेवता आली असती. पण मी दारातूनच, आईच्या देखत म्हणाले, “औषध माशांत नाही, तुमच्या कोळशात गेलं. तुम्हीच मारलंत त्यांना.”

“कोळसो घाण ओढता,” बाबा म्हणाले. “रंग काय घाण आसा?”

त्यांनी डबी उघडली. दाणे पातेल्यात घालून धुण्याच्या सोड्यात उकळले, लाकडी दांड्याने ढवळले. गिरणीत कापडावरचा रंग असाच उतरवत; कोळशात निळा रंग गेलाच असेल तर तोही बाहेर काढून दाखवणार होते. आई आणि मी बघत राहिलो. पाणी करडं झालं, निळं झालंच नाही. स्टोव्ह बंद करून ते बराच वेळ पातेल्यात बघत होते.

“रंग खंय गेलो, माका कळलांच नाय,” ते म्हणाले आणि औषधाची बाटली माझ्या हातात दिली. “आता तूच टाक.”

माझं चुकलं, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “जेवायला बसा.”

मी कार्बनशिवाय औषध टाकलं. पाणी निळंच राहिलं आणि सहावा मासा वाचला. पुढे दीड वर्ष जगला. बाबांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी रोज त्याला खायला घालायचे आणि रोज मला वाटायचं, हाही मेला असता तर बरं झालं असतं.