ज्यांच्यापुढे म्हातारी माणसं खरं बोलली

डॉ. विमल साळवे यांची आणि माझी पहिली भेट औषधांच्या खिडकीवर झाली. माजलगावच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्याचं रुग्णालय होतं. मी तिथे औषधं देण्याच्या कामावर होतो आणि बाई नव्याने रुजू झाल्या होत्या. नवे डॉक्टर आले की आधी अध्यक्षांच्या भेटीला जात. बाई आधी माझ्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "जाधव, शक्तीची टॉनिकं जेवढी असतील तेवढी बाहेर काढा."

मी बाटल्या मांडल्या. बाईंनी एकेकीवरची बारीक अक्षरं वाचली आणि काही बाटल्या बाजूला सारल्या. "यांच्यात अल्कोहोल आहे. झोपेची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला या द्यायच्या नाहीत."

त्याच सकाळी गयाबाई नावाच्या एक आजी तपासून घ्यायला आल्या होत्या. त्या दिवसभर पेंगत आणि चालताना त्यांचा तोल जाई. सुनेने "वय झालं" म्हणून सोडून दिलं होतं. आजी माळकरी, दारूचं नावही घेत नसत. पण अंगात ताकद यावी म्हणून टॉनिक मात्र पेल्याने पीत आणि वर झोपेची गोळी घेत. बाईंनी दोन्ही हळूहळू बंद केलं. पुढे त्याच आजी स्वतःच्या पायांनी बाजाराला जाऊ लागल्या.

बाई मूळच्या गेवराई तालुक्यातल्या. वडील शाळामास्तर, घराने छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारलेला. सुरुवातीला आमच्या भागातली काही बडी घरं म्हाताऱ्यांना बाईंकडे न आणता शहरातल्या डॉक्टरांकडे नेत. बाईंनी त्याबद्दल कधी चर्चा केली नाही. माणूस दारात आला की तपासायचा, एवढंच त्यांना ठाऊक. स्वभावाने त्या गोड नव्हत्या. सत्काराचे हार घालून घेणं त्यांना जमत नसे आणि सभेत पुढाऱ्यांचं भाषण लांबलं की त्या सरळ उठून जात. रुग्णाला मात्र त्या मध्येच तोडत नसत. "दारू पिता का?" असं त्या म्हाताऱ्यांना विचारत नसत. "झोप लागावी म्हणून काय घेता?" असं विचारत. तरीही बहुतेक जण खोटं बोलत. बाईमाणसापुढे, त्यातून सुनेच्या देखत, कोण कबूल होणार?

हे चित्र बदललं ते दुष्काळाच्या एका वर्षी. धरणात गाळ उघडा पडला होता, ऊस जळाला होता आणि गावागावांत चारा छावण्या उभ्या होत्या. आमच्या जवळची छावणी एका दूध संस्थेने चालवली होती. संस्थेचे अध्यक्ष आबा शिंदे सत्तरी ओलांडलेले, भारदस्त गृहस्थ. मधुमेहाच्या गोळ्या ते आमच्याकडूनच नेत. छावणी सुरू झाल्यापासून ते जनावरांजवळच मुक्काम करत होते. छावणीतल्या माणसांची तपासणी करायला बाई जात आणि औषधांची पेटी घेऊन मी सोबत असे.

एका दुपारी आम्ही पोचलो तर पत्र्याच्या शेडखाली आबा आडवे पडलेले दिसले. जवळ गेलं की दारूचा वास येत होता. त्यांचे चिरंजीव दत्ताभाऊ ओशाळून म्हणाले, "बाई, तुमी तिकडं बगा. आबानं जरा घेतलीय. पडू द्या, उतरंल आपोआप."

"कधीपासून पडलेत?"

"मगाधरनं. हाका मारल्या तर काईबाई बरळत्यात."

बाई खाली बसल्या. आबांच्या कपाळावरून त्यांनी हात फिरवला. सावलीतसुद्धा सदरा घामाने चिंब झाला होता आणि अंग गार पडलं होतं. "सकाळपासून काय खाल्लंय यांनी?"

दत्ताभाऊंनी आजूबाजूला पाहिलं. एक गडी म्हणाला, "कायबी न्हाई. टँकर आला न्हाई म्हणून वैतागलं व्हतं. भाकर तशीच ठिवली. गोळी तेवढी खाल्ली."

बाईंनी आबांच्या बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ती धोक्याच्या पातळीच्याही खाली गेली होती. पुढचं सगळं घाईत झालं. मी ग्लुकोजची बाटली उघडली, बाईंनी शीर शोधली, दत्ताभाऊंनी बाटली उंच धरली. थोड्या वेळाने आबांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले, "टँकर आला का रं?"

दत्ताभाऊ रडायला लागले. बाईंनी त्यांना समजावलं, "साखर उतरवायची गोळी घेतलेली, पोट रिकामं आणि वर दारू. लिव्हर दारू निस्तरत बसतं आणि अंगाला साखर पुरवायचं राहून जातं. लोकांना वाटतं, माणूस पिऊन पडलाय. तसंच पडू दिलं असतं तर आबा उठले नसते."

या गोळीचा अंमल लवकर ओसरत नाही, म्हणून बाईंनी आबांना रुग्णालयात ठेवलं. संध्याकाळी साखर पुन्हा उतरली, तेव्हा तो निर्णय किती योग्य होता ते आम्हाला कळलं. नीट सावध झाल्यावर आबा म्हणाले, "बाई, मी घेत न्हाई. लोकं उगाच म्हणत्यात."

"आबा, मी तुम्हाला उपदेश करायला बसले नाही. गोळी तीच ठेवायची की बदलायची, एवढं मला ठरवायचंय. त्यासाठी खरं लागतं."

तेव्हा आबा म्हणाले, "रोज घेतो. जनावरं हंबराय लागली की ऐकवत न्हाई. पर भाईर कुणाला सांगू नका."

बाईंनी गोळी बदलली. दारू सोडावी, हेच त्यांनी सांगितलं. पण सोडवली नाही तर काय टाळायचं, तेही सांगितलं.

दूध संस्थेची निवडणूक तोंडावर होती. विरोधी पॅनेलचे एक पुढारी आमच्या कारखान्याचे संचालकही होते. ते रुग्णालयात आले. मी तिथेच उभा होतो.

"बाई, आबा पेलेले होते का न्हाई, एवढंच सांगा."

"त्यांची साखर उतरली होती."

"वास येत होता म्हणतंय गाव."

"वासाची तपासणी माझ्याकडे होत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंचं क्वार्टर कारखान्याला दुसऱ्या कामासाठी लागलं. बाईंनी माजलगावात खोली घेतली आणि त्या एसटीने येऊ-जाऊ लागल्या. उशीर झाला तर रुग्णांची माफी मागत. क्वार्टरचा विषय त्यांनी काढला नाही.

आबांच्या कानावर मात्र तो गेला. संस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्षीय भाषणाला ते उभे राहिले आणि अहवाल बाजूला ठेवून बोलले, "मी त्या दिवशी पेलो व्हतो. वर साखरेची गोळी खाल्ली व्हती. मरायला टेकलो व्हतो. माझ्या पोरानंबी मला पडू दिलं, त्याचा काय दोष? तुमच्यातबी हायेत माझ्यासारखे. गोळी चालू आसंल तर डॉक्टरीणबाईला खरं सांगा. त्या कुणाला सांगत न्हाईत. घर गेलं त्यांचं, पर सांगितलं न्हाई."

आबा ती निवडणूक हरले. पण पुढच्या आठवड्यात आमच्या बाकावर धोतर-टोपीवाल्यांची रांग लागली. कुणी रक्त पातळ करायची गोळी घेत होतं, कुणी फिटची, कुणी झोपेची. एकेक जण आत जाई, मुलाला बाहेर थांबवी आणि दार लोटून घेई. बऱ्याच जणांच्या चिठ्ठ्या बदलून माझ्या खिडकीवर आल्या. ज्या बड्या घरांनी पाठ फिरवली होती, त्यांतलेही काही त्या रांगेत बसले होते.

बाई निवृत्त झाल्या, तरी आजही बीडजवळच्या पाली गावात एका खोलीत त्या म्हाताऱ्या माणसांना तपासतात. बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी दोन शब्द मागायला मी आबांकडे गेलो होतो. ते आता फारच थकले आहेत. दारू पूर्ण सुटली का, असं मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, "लई वरसं झाली. आदी सुटली, पुन्ना धरली, पुन्ना सुटली. दर वेळी बाईला सांगितलं." मग म्हणाले, "लिव्हा, मी खोटं बोललो तरी बाईनं मला लबाड म्हणलं न्हाई."

बाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. त्यांच्या गुडघ्यांना बळ राहो, नजर त्या बारीक अक्षरांना पुरत राहो आणि आमच्यासारख्या, आता स्वतःच गोळ्यांवर आलेल्या माणसांची गाऱ्हाणी ऐकायला त्यांना पुष्कळ निरोगी वर्षं लाभोत. मीही दर महिन्याला पालीला जातो. आत शिरलो की मागे दार लोटून घेतो.