खिसा नसलेला पोशाख

मालवणच्या समुद्रातून वर आल्यावर होडीतच मी स्कूबा गाइडपुढे नोट धरली. त्याने ओले हात मागे घेतले. “त्या डब्यात घाला. होडयेवाल्याचो पण वाटो असता.” खरंच, त्याच्या रबरी पोशाखाला खिसाच नव्हता.

मी घुटमळले. किती द्यायचं? चहा आणणाऱ्याला टीप देताना असा प्रश्न पडत नाही, आणि एसटीच्या ड्रायव्हरला तर आपण कधी देतच नाही. मग मासे बघताना मी भान विसरले तरी ज्याने पाण्याखाली माझा हात सोडला नाही, त्याच्या टिपेचा अंदाज कशावरून बांधायचा?

नोट डब्यात टाकली. तरी काही राहिल्यासारखं वाटलं, म्हणून अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यानेच शिकवलेली ‘सगळं ठीक’ची खूण केली. त्याने हसून नुसती मान हलवली. त्याचे दोन्ही हात आता पाण्यात उतरायची पाळी आलेल्या, घाबरलेल्या बाईंनी घट्ट धरून ठेवले होते.